लाकडी धनुष्याची मूठ गुंडाळताना: दोरी, चामडं आणि टोकांचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा: घरी घडवलेलं ६६ इंची सपाट धनुष्य आहे, लाकूड धामणीचं, ओढ (प्रत्यंचा पूर्ण ओढायला लागणारा जोर) ४० पाउंडांची. मुठीला सुतळी गुंडाळून वरून पांढरा फेविकॉल चोपडला होता. काही महिने ठीक चाललं. पावसाळ्यात सुतळी सैल झाली आणि आता प्रत्यंचा ओढताना सगळं वेष्टण हातात फिरतं, बोटांनाही काचतं. दुसरं काय गुंडाळावं आणि ते टिकावं कसं?

आधी निदान. सुतळी सैल पडली ती कमी आवळल्यामुळे नव्हे. ताग पाणी पितो आणि फुगतो, आणि पिळाची दोरी फुगली की लांबीला आखडते. म्हणजे दमट हवेत ती स्वतःलाच आणखी आवळते आणि त्या ओढीत खालच्या गोंदाची पकड सुटते. ऊन पडलं की वाळून परत सैल होते. पावसाळ्यात हे चक्र रोज चालतं. त्यात साधा पांढरा फेविकॉल हाताच्या घामाने मऊ पडतो. आणि सुतळीखालच्या लाकडावर जवसाचं तेल किंवा मेण लावलेलं असेल, तर गोंदाने लाकूड धरलंच नव्हतं, फक्त सुतळीला सुतळी चिकटली होती. सगळं वेष्टण एकसंध नळीसारखं फिरतं यावरून तसंच दिसतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं सगळं सोपं होतं: वेष्टण मधून सुटत नाही, टोकांना आणि तळाशी सुटतं. मधले चाळीस फेरे कितीही सुबक असोत, पहिला आणि शेवटचा फेरा पक्का नसेल आणि खालचं लाकूड तयार नसेल तर ते मुक्काम करत नाहीत. म्हणून निम्मा वेळ तयारीत आणि टोकांत घालवावा लागतो.

दुसरं, वेष्टणाने धनुष्य मजबूत होत नाही. ते हातासाठी असतं: पकड, घाम, थंडी, बोटांना मऊपणा. मुठीत भेग असेल किंवा मुठीवर चिकटवलेला लाकडाचा ठोकळा टोकाला उचलत असेल, तर त्यावर चामडं चढवणं म्हणजे गळू झाकून वर पट्टी बांधणं. ओढताना बारीक ‘टिक’ असा आवाज येत असेल तर थांबा. स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा मुठीवरून फिरवा. स्पिरिट सगळीकडून उडून जातं, पण भेगेत शिरलेलं शेवटी उडतं, त्यामुळे भेग काही क्षण काळ्या ओल्या रेघेसारखी दिसते. रेघ दिसली तर आधी तिचा बंदोबस्त.

जुनं काढणं

ब्लेडने सुतळी आडवी कापून काढू नका. हात घसरला की धार लाकडात जाते, आणि धनुष्याच्या पाठीवर (लक्ष्याकडे तोंड असलेल्या बाजूवर) आडवा चिरा म्हणजे उद्याची मोडण्याची जागा. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं मुठीभोवती पंधरा-वीस मिनिटं गुंडाळून ठेवा, पांढरा गोंद दुधाळ होऊन मऊ पडेल. मग टोक शोधून सुतळी उलटी सोडवत जा. उरलेला गोंद प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाने खरवडा. नंतर धनुष्य दोन दिवस सावलीत उभं न ठेवता आडवं वाळवा आणि तोवर प्रत्यंचा चढवू नका.

तयारी

मूठ गुंडाळणं हे धनुष्याचं अगदी शेवटचं काम. त्याआधी दोन्ही बाहू (सरावाच्या मैदानावर ज्यांना लिम्ब म्हणतात ते) सारखे वाकतात ना, निदान शंभर बाण मारून झाल्यावरही तसेच वाकतात ना, हे बघितलेलं असावं. आणि प्रत्यंचा मुठीवरून कुठून जाते तेही. धनुष्य चढवून खालच्या टोकाकडून एक डोळा मिटून वर बघा. प्रत्यंचा मुठीच्या बरोबर मधून किंवा किंचित बाण असतो त्या बाजूने जायला हवी. उलट बाजूला झुकत असेल तर मुठीची कड कानशीने घासून बसवून घेता येते, पण आत्ताच. वर चामडं बसल्यावर मूठ घासता येत नाही, हे फार जणांना चामडं बसल्यावर आठवतं.

मुठीची जागा: ६६ इंचांच्या सपाट धनुष्याला १० सेंटिमीटर लांबीचं वेष्टण पुरतं, हात मोठा असेल तर ११. मध्यबिंदूच्या वर अडीच-तीन सेंटिमीटर आणि बाकीचं खाली. वरची कड जिथे संपते तिथेच बाण टेकतो, म्हणून ती रेघ पेन्सिलीने चारी बाजूंनी काटकोनात आखा. तिरकी आखली तर बाण उताराने हातावर घसरतो.

आता लाकूड. इथे दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध वाटतात. मुठीखालचं लाकूड उघडं ठेवायचं नाही, कारण वेष्टणातून घाम झिरपतो आणि आत अडकलेली ओल महिनोन्महिने जात नाही. पण लाकूड गुळगुळीत चकचकीतही ठेवायचं नाही, कारण गोंद धरत नाही. उपाय असा: चपडी लाखेचे, म्हणजे स्पिरिट पॉलिशचे, दोन पातळ हात द्या, प्रत्येकाला काही तास वाळू द्या, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी मारून मंद करा आणि कोरड्या फडक्याने धूळ पुसा. तेल किंवा मेण आधीच लागलं असेल तर पॉलिश पेपरने घासून लाकूड उघडं करा, स्पिरिटने दोनदा पुसा, मग लाख. बाहूंना तेलाचंच पॉलिश करायचं असेल तर मुठीची जागा कागदी टेपने झाकून ठेवावी. तेलाच्या चिंध्या मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. उघड्या पसरून वाळवा.

धनुष्याच्या पाठीला बांबूची पट्टी असेल तर बांबूच्या सालीवर नैसर्गिक मेणचट थर असतो, त्यावर गोंद टिकत नाही. मुठीपुरता तो थर २२० नंबरने हलक्या हाताने घालवा. हलक्या हाताने असं मुद्दाम म्हणतोय, सालीखालचे तंतू हीच बांबूची ताकद आणि कानस लावली की ते कापले जातात.

दोरीचं वेष्टण

सुतळी सोडा, दोरी सोडू नका. दोरी चांगली पकड देते, घाम शोषते, खराब झाली तर अर्ध्या तासात बदलता येते. पहिल्यांदा करणाऱ्याने दोरीनेच सुरुवात करावी असं माझं मत आहे, चामड्याचा हट्ट नंतर. फक्त दोरी निवडताना पीळ घट्ट हवा आणि जाडी दीड ते दोन मिलिमीटरच्या आत. सुती दोरी चालते, चपला-बूट शिवायचा मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा जास्त टिकतो. पॅराकॉर्ड (पॅराशूटसाठी वापरतात तशी नायलॉनची दोरी) चालतो, पण तो रबरासारखा ताणला जातो आणि सुमारे ४ मिलिमीटर जाड असतो, मूठ लठ्ठ होते. आतले धागे काढून नुसती साल वापरली तर बरा.

किती लागेल ते मोजूनच कापा, मधे गाठ मारावी लागली की वेष्टण वाया. समजा मुठीचा घेर ९६ मिलिमीटर, दोरी २ मिलिमीटर जाड, लांबी १०० मिलिमीटर. म्हणजे ५० फेरे. प्रत्येक फेऱ्याची लांबी दोरीची जाडी धरून १०२ मिलिमीटरच्या आसपास, एकूण ५.१ मीटर. दहा टक्के वाढवा आणि टोकांसाठी ४० सेंटिमीटर धरा: सहा मीटर.

दोरी कोरडी गुंडाळा. ‘ओली करून गुंडाळली की वाळल्यावर आवळते’ हे चामड्याला लागू आहे, दोरीला बरोबर उलट. ओली गुंडाळलेली सुती किंवा तागाची दोरी वाळल्यावर ढिली पडते.

सगळी गंमत ताणात आहे, आणि नुसत्या बोटांनी तो सारखा राहत नाही. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा. दुसरं टोक मुठीला लावा, धनुष्य दोन्ही हातांत आडवं धरून मागे रेला आणि दोरी न फिरवता धनुष्यच फिरवत गजाकडे चालत जा. शरीराचं वजन ताण देतं, तो पहिल्या फेऱ्यापासून पन्नासाव्यापर्यंत एकसारखा राहतो. शिवाय दोरीचा गुंडा हातात घेऊन मुठीभोवती फिरवला तर प्रत्येक फेऱ्यागणिक दोरीचा पीळ वाढतो किंवा उलगडतो. धनुष्य फिरवलं तर तो जसाच्या तसा राहतो.

सुरुवात खालून. दोरीचं चार सेंटिमीटर टोक पाठीवर उभं, वरच्या दिशेने ठेवा आणि त्यावरूनच फेरे घ्या. टोक असं पहिल्या वीसेक फेऱ्यांखाली दबून जातं, गाठ लागत नाही. टोक पाठीवरच का? कारण तळहाताचा दाब पोटावर (तुमच्याकडे तोंड असलेल्या बाजूवर) येतो. तिथे दोन मिलिमीटरचा उंचवटाही शंभर बाणांनंतर अंगठ्याच्या गादीत रुतायला लागतो. जे काही जाड आहे, टोक, शिवण, जोड, ते पाठीवर जाऊ द्या. पहिल्या दोन सेंटिमीटरखाली आणि शेवटच्या दोन सेंटिमीटरखाली लाकडावर चामड्याचं सोल्यूशन (फेविकॉल एसआर ९९८ किंवा मोच्याकडे मिळतं ते) पातळ लावून दहा मिनिटं सुकू द्या. मधे काही नको.

दर पाच-सहा फेऱ्यांनी थांबून चमच्याच्या दांड्याने फेरे एकमेकांना चिकटवून घ्या. मूठ मधे बारीक आणि टोकांना रुंद असेल तर चढावर फेरे छान बसतात, मागचा फेरा पुढच्याला टेकू देतो. उतारावर मात्र ते घसरून गोळा होतात. म्हणून मूठ जिथे झपकन रुंदावते तिथपर्यंत दोरी नेऊच नका.

शेवट नीट बघा, इथेच बहुतेकांचं बिनसतं. वरच्या रेघेला सहा फेरे उरले की थांबा. वीस सेंटिमीटर मजबूत बारीक दोरा (मासेमारीची तंगूस उत्तम) दुमडून फास करा आणि तो पाठीवर ठेवा: फासाचा डोळा वर, रेघेच्या पलीकडे, दोन्ही मोकळी टोकं खाली, झालेल्या फेऱ्यांवर. आता उरलेले सहा फेरे या फासावरून घ्या. शेवटचा फेरा अंगठ्याने दाबून धरा, दोरी दहा सेंटिमीटर ठेवून कापा. तिचं शेवटचं चार सेंटिमीटर उकलून ब्लेडने निमुळतं करा आणि मेणात ओढा, नाहीतर फेऱ्यांखालून जाताना ती अडकते आणि उंचवटा राहतो. हे टोक फासाच्या डोळ्यातून घाला आणि फासाची खालची टोकं एका दमात ओढा. डोळा सहा फेऱ्यांखालून दोरीचं टोक खेचत बाहेर आणेल. बाहेर आलेलं टोक ताणून मुळाशी कापा. सोडताच ते आत सरकतं आणि दिसेनासं होतं. फास तुटला तर फेरे फार आवळलेत किंवा संख्या जास्त झाली. आठ-दहा फेऱ्यांखालून २ मिलिमीटरची दोरी ओढायचा प्रयत्न करू नका.

वरून पातळ चपडी लाखेचा एक हात दिला तर सुती दोरी घाम कमी पिते. जाड थर दिला तर ती काचेसारखी गुळगुळीत होते, मग दोरी गुंडाळली कशाला?

चामडं शिवून

हे दिसतं सर्वांत देखणं आणि नीट केलं तर दहा वर्षं हलत नाही. चामडं झाडाच्या सालींनी कमावलेलं हवं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावण्याची परंपरा आहे ते त्याच जातीचं, मात्र चपलेच्या तळव्याचं म्हशीचं चामडं इथे फार जाड होतं. १.२ ते १.५ मिलिमीटर जाडीचं घ्या, बकरीचं १ मिलिमीटरचंही चालतं. ओळखायची खूण: कापलेली कड बघा. साल-कमावणीचं चामडं आरपार तपकिरी असतं, क्रोमने कमावलेल्याची कड बहुधा निळसर-राखाडी दिसते. क्रोमचं चामडं ओलं करून बसवलं तरी आकार धरत नाही, ते पट्टी गुंडाळायलाच ठेवा.

कागदाचा साचा करा. मुठीभोवती कागद गुंडाळून कडा जिथे भेटतात तिथे पाठीच्या मधोमध रेघ मारा, उलगडून कापा. मूठ टोकांना रुंद असल्याने साचा सरळ आयत येणार नाही, कडा किंचित आत वळलेल्या येतील. तशाच ठेवा. मग साच्याची रुंदी चामड्याच्या हिशेबाने ४ मिलिमीटरने कमी करा, बकरीच्या पातळ चामड्याला ५-६. शिवताना ताणून कडा भेटल्या पाहिजेत. आधीच भेटत असतील तर वाळल्यावर मूठ आत फिरेल.

वरची आणि खालची कड रापीने (मोची चामडं तासायला वापरतात त्या चपट्या सुरीने) तासणं हे कष्टाचं, पण टाळू नये असं काम. चामडं उलटं, खरखरीत बाजू वर, कडप्प्याच्या फरशीवर किंवा काचेवर ठेवा. लाकडी पाटावर नको, रापी पाटात शिरते. रापी जवळजवळ आडवी धरून कडेचा आठ मिलिमीटर पट्टा बाहेरच्या दिशेने पापुद्र्या-पापुद्र्याने तासा, कडेला जाडी अर्ध्या मिलिमीटरवर यावी. पापुद्रा तुटक निघतोय म्हणजे रापीला धार नाही, जोर वाढवू नका. ही कड न तासता शिवली तर वरच्या बाजूला दीड मिलिमीटरची पायरी राहते, बाणाचं पीस त्यावर आपटतं आणि तर्जनीचं हाड सोलतं.

छिद्रं कडेपासून ४ मिलिमीटरवर, एकमेकांपासून ५ मिलिमीटरवर. जेवायच्या काट्याचे दात चामड्यावर दाबून सारखं अंतर मिळतं. शेवटचा दात आधीच्या खुणेत ठेवून पुढे जायचं. दोन्ही कडांवर छिद्रांची संख्या अगदी एक हवी. एकही जास्त झालं तर शिवण पिळून जाते आणि ते शेवटच्या टाक्याला कळतं. छिद्रं मोच्याच्या बारीक आरीने (टोच्याने) पाडा, पंचने मोठी भोकं नको.

शिवायच्या आधी चामडं कोमट पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवून काढा, फडक्यात दाबून पाणी टिपा. ओल्या साल-कमावणीच्या चामड्याला लोखंड लागू देऊ नका. चामड्यातला टॅनिन आणि लोखंड मिळून निळे-काळे डाग पडतात, ते निघत नाहीत. गंजका क्लॅम्प, खिळा, हातातलं लोखंडी कडं, सगळं लांब. सुया स्टेनलेसच्या, बोथट.

ओल्या चामड्याला सोल्यूशन धरत नाही. इथे पाणी न लागणारा पांढरा गोंद, फेविकॉल मरीनसारखा, मुठीवर बोटाने अगदी पातळ पसरा. जास्त झाला तर शिवणीतून वर येतो, आणि जिथे गोंद चढला तिथे पुढे रंग बसत नाही.

दोरा ०.८ मिलिमीटरचा मेणाचा, एक मीटर, दोन्ही टोकांना सुई. वरच्या पहिल्या दोन छिद्रांतून दोरा सारखा करून घ्या. मग प्रत्येक सुई शिवणीवरून पलीकडे न्या, समोरच्या कडेखाली घाला आणि पुढच्या छिद्रातून आतून बाहेर काढा. दोन्ही सुयांनी असंच. क्रिकेटच्या चेंडूची शिवण वेगळी. ही बेसबॉलच्या चेंडूची, वर इंग्रजी व्हीच्या आकाराचे टाके दिसतात आणि कडा एकमेकींवर न चढता समोरासमोर भेटतात. दर दोन टाक्यांनी दोन्ही दोरे एकदम आवळा, उभे वर ओढू नका, शिवणीच्या दिशेने तिरके ओढा. ओलं चामडं लवकर फाटतं. शेवटी खाली दोन उलट टाके घेऊन गाठ चामड्याखाली सरकवा. शिवण चमच्याच्या पाठीने दाबून सपाट करा.

सावलीत दोन दिवस. ऊन नको, केस वाळवायचं यंत्र तर नकोच, चामडं कडक होऊन कडांना आखडतं आणि टाके उघडतात. वाळल्यावर मधमाशीचं मेण चोळून फडक्याने चमकवा. खोबरेल तेल लावू नका. तेलाने चामडं मऊ होऊन सैल पडतं आणि ते कडांखाली शिरलं की गोंदही पोखरतं.

पट्टी

शिवायचं नसेल तर २० मिलिमीटर रुंद मऊ चामड्याची पट्टी, साधारण ७० सेंटिमीटर. पाच फेरे आणि दोन्ही टोकांना लांब पाचरीसारखा तिरका काप, म्हणजे वरची-खालची कड सरळ येते. सोल्यूशन दोन्ही बाजूंना, म्हणजे लाकडालाही आणि पट्टीलाही, दहा-पंधरा मिनिटं वाळू देऊन मगच टेकवायचं. एकदा टेकलं की हलत नाही, म्हणून मधे बटर पेपर धरा आणि फेरा जसजसा बसेल तसा तो सरकवत काढा. खालून वर गुंडाळलं आणि कडा थोड्या एकावर एक आल्या तर घाम आणि पाऊस कौलांवरून जावा तसा ओघळतो. पण तासलेल्या नसतील तर हात वर सरकताना त्याच कडा उचलल्या जातात. मी कडेला कड भिडवणं पसंत करतो.

जाडीचा हिशेब आणि बाण

२ मिलिमीटरच्या दोरीने मुठीचा घेर साडेबारा मिलिमीटरने वाढतो, दीड मिलिमीटरच्या चामड्याने साडेनऊ. म्हणून लाकूड मुठीत किंचित बारीक वाटेल इतकं आधीच घासून ठेवायचं. जाड मूठ हातात वळते, आणि मूठ वळली की बाण आडवा जातो. उलट तळहाताला भर हवा असेल तर वेष्टणाखाली पोटाच्या बाजूला दोन मिलिमीटर कॉर्कचा किंवा चामड्याचा तुकडा, कडा तासून, चिकटवा. प्रत्यंचेचं मुठीपासूनचं अंतर पोटाकडून मोजत असाल तर या भराने माप बदलतं. पाठीकडून मोजायची सवय लावा.

बाण ज्या बाजूला असतो तिथे वेष्टण बाणाच्या वर नेऊ नये. डाव्या हातात धनुष्य धरून बोटांनी ओढणाऱ्याचा बाण डावीकडे असतो, अंगठ्याने ओढणाऱ्याचा उजवीकडे. तिथे वेष्टणाची जाडी आली की बाण मध्यापासून तेवढा दूर ढकलला जातो, आणि त्याला मुठीला वळसा घालायला जास्त लवचीक काडी लागते. काल सरळ जाणारे बाण गुंडाळल्यावर डावीकडे जायला लागले तर आधी इथे बघा. झीज वाचवायची असेल तर तिथे एक मिलिमीटरहून पातळ चामड्याचा छोटा तुकडा पुरे. जपानी युमीवर (तिथल्या पारंपरिक लांब धनुष्यावर) मुठीच्या वर बाण घासतो तिथे वेताच्या पातळ पट्ट्या गुंडाळतात, आणि मुठीवर हरणाचं चामडं, ते झिजलं की बदलायचं. झीज कुठे होणार हे मान्य करून केलेली ही रचना आहे.

बाण टेकायला आधार हवा असेल तर वरच्या कडेखाली, बाणाच्या बाजूला, चामड्याचे तीन-चार तुकडे पायरीसारखे चिकटवून छोटी पाचर करा आणि त्यावरून वेष्टण घ्या. पिसांच्या पुढच्या टोकांवर दोरा गुंडाळून गोंदाचा थेंब द्यायला विसरू नका. ती उघडी टोकं तर्जनीवर ब्लेडसारखी चालतात.

मूठच वाकत असेल तर

सगळीच धनुष्यं मुठीत ताठ नसतात. १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी जहाजावर सापडलेल्या, यू नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धनुष्यांना वेगळी घडवलेली मूठच नाही. दांडा मधे जाड, तीच मूठ, आणि ओढताना तीही किंचित वाकते. अखंड बांबूचा साधा तिरकामठाही बहुतेकदा असाच. अशा धनुष्यावर अॅरल्डाइटसारखा कडक गोंद किंवा घट्ट शिवलेली जाड नळी लावू नका, वाकताना शिवण तोंड उघडते आणि गोंदाला तडे जातात. पातळ दोरी, फक्त टोकांना सोल्यूशन, किंवा मऊ पट्टी. तुमचं सपाट धनुष्य मुठीत ताठ असेल तर ही काळजी नाही. खात्री करायची तर पूर्ण ओढीला मुठीच्या पोटाला सरळ पट्टी लावून दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा.

तुमच्यासाठी: आत्ता पावसाळा असेल तर चामड्याच्या नादाला लागू नका, ते वाळणार नाही आणि बुरशी धरेल. मेणाच्या दीड मिलिमीटर दोऱ्याने गुंडाळा. याच हिशेबाने १०० मिलिमीटरसाठी ६७ फेरे, म्हणजे आठ मीटर दोरा आणा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की दोरा उकलून चामडं शिवा. साचा मात्र आत्ताच, मूठ उघडी आहे तोवर, कागदावर काढून ठेवा.